माझं नाव लिहा

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रिय ताई,

तुमचं सदर मी सहा-सात वर्षं वाचते आहे. पूर्वी हा अंक सासूबाईंच्या नावानं घरी यायचा, त्यांचा वाचून झाला की मला मिळायचा. आता भांडुप स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याकडून मी स्वतः विकत घेते. त्यावरूनच माझ्या घरात काय झालं असेल ते तुमच्या लक्षात येईल.

माझं वय ४३. फोर्टमध्ये एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. लग्नाला १७ वर्षं झाली. मारहाण कधी झाली नाही, हे आधीच सांगते, कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. पण मी काहीही बोलले की ‘तुला काय कळतंय त्यातलं’ हे ठरलेलं. पाहुण्यांसमोर, मुलीसमोर, भांडीवाल्या मावशींसमोर. माझा पगार घराच्या हप्त्यांत गेला आणि घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. यंदा गौरी-गणपतीचं सगळं नीट उरकलं, आणि पुढच्याच आठवड्यात मी मुलीला घेऊन बाहेर पडले. ती नववीत आहे. भांडुपला वन रूम किचन घेतलंय, अकरा महिन्यांच्या करारावर. तीन ठिकाणी एजंटनं ‘मिस्टर कुठे असतात?’ असं विचारलं आणि नंतर फोनच उचलला नाही. चौथ्या ठिकाणी भावाला पुढे केलं तेव्हा चावी मिळाली.

हे सगळं कसंबसं निभावलं, पण एका ठिकाणी अडकले आहे. ११ वर्षं मी मुलुंडहून आठ बावीसची स्लो पकडायचे. आमचा सहा जणींचा ग्रुप. वाढदिवस, डोहाळजेवणं, दसऱ्याला डब्याची पूजा, दर महिन्याला दोन हजारांची भिशी. सप्टेंबरपासून मी त्यांना तोंड दाखवलेलं नाही. ऑफिसची वेळ बदलली अशी थाप मारली आणि आता नऊ पाचची पकडते, तीही दुसऱ्या टोकाच्या लेडीज डब्यात. भिशीतून माझं नाव काढा म्हणून ग्रुपवर लिहिलं. त्यावर एकीनं मला वेगळं लिहिलं, ‘नाव तसंच ठेवलंय, तुझे पैसे मी भरतेय, बाकी सवडीनं सांग.’ मी उत्तर दिलेलं नाही. त्यांना कुठून तरी कळलंय बहुतेक. दुसरी एक रोज सकाळी उगवत्या सूर्याच्या फोटोवर ‘खचू नकोस, तू खंबीर आहेस’ असं पाठवते. मला चीड येते आणि मग चीड आली म्हणून अपराधी वाटतं.

मी एवढी कशी कमी पडले, हेच डोक्यात फिरत असतं. पहाटे तीनला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत पडते. माझी किंमत काय, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. आता संक्रांत आली. दरवर्षी डब्यात हळदीकुंकू असतं, मला बोलावणं आलंय. मी जावं का? गेले तर कुंकू लावून घ्यावं का?

— एक वाचक, भांडुप

•

तुला ‘तू’ म्हणते. माझी धाकटी बहीणही तुझ्याहून बरीच मोठी आहे.

पत्र तीनदा वाचलं. मधोमध एक वाक्य तू घाईघाईनं लिहून पुढे गेली आहेस. ‘नाव तसंच ठेवलंय, तुझे पैसे मी भरतेय.’ सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. चार महिन्यांचे आठ हजार रुपये. तू अकाउंट्सला आहेस, तेव्हा तुला हे मी सांगायला नको, की सेकंड क्लासचा पास काढणाऱ्या बाईच्या महिन्याच्या पैशांतून दोन हजार जास्तीचे काढायचे म्हणजे काय असतं. कुठला तरी सिलिंडर, कुठली तरी क्लासची फी, कुणाची तरी चप्पल मागे पडलेली असते. मला माझी किंमत सांगता येत नाही असं तू लिहितेस, आणि एका बाईनं ती चार महिने रोखीनं भरली आहे. तिला तू उत्तर दिलेलं नाहीस.

रागावत नाहीये. मीही हेच केलं होतं.

१९९४ सालची गोष्ट. मी ३३ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. ठाण्याचं सासरचं घर सोडून लालबागला आईच्या चाळीत आले. दहा बाय बाराच्या खोलीत आई, भाऊ-वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आम्ही दोघं. नोकरी व्हीटीजवळच्या एका सरकारी कार्यालयात. आताच्या सीएसएमटीला तेव्हा आम्ही सगळे व्हीटीच म्हणायचो. ठाण्याहून माझा ठरलेला डबा होता, ठरलेल्या सात जणी होत्या. करी रोडला तीच गाडी थांबायची. लालबागहून चालत दहा मिनिटांत गाठता आली असती. पण मी तीन महिने बेस्टच्या बसनं गेले. सकाळच्या गर्दीत लोंबकळत, दुप्पट वेळ घालवून, फक्त त्या सात जणी भेटू नयेत म्हणून. वाटायचं, यांनी मला ‘अमक्यांची बायको’ म्हणून ओळखलं, मुलाच्या बारशाला येऊन घुगऱ्या खाल्ल्या, आता कुठल्या तोंडानं जाऊ?

आमच्यातली एक कळव्याची होती. जानेवारीत एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. काय झालं, कसं झालं, काही नाही. ‘आज पाच पन्नासची कल्याण. मधला लेडीज. मी जागा धरते,’ एवढं बोलून गेली.

संध्याकाळी गेले. न जाऊन काय करणार होते, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली असती. डब्यात सगळ्या होत्या. मला बघून बोलणं थांबलं, ते मला स्पष्ट कळलं. कळव्याची म्हणाली, ‘सरका गं,’ आणि मला चौथी सीट मिळाली. मुंबईची चौथी सीट म्हणजे काय ते तुला माहीतच आहे. अर्धं अंग सीटवर, अर्धं बाहेर, आणि तरी जागा मिळाली याचा आनंद. मग तिनं पिशवीतले मटार माझ्या मांडीवर ओतले. किलोभर तरी होते. वर एक रिकामा डबा ठेवला. ‘सोल,’ म्हणाली. ‘घरी पाहुणे आहेत, मला नुसती फोडणी टाकायची वेळ मिळणार आहे.’

मी सोलायला लागले. शेंगेच्या पोटावर अंगठा दाबला की ती कशी फट्‌कन उघडते, आत सात-आठ दाणे, टोकाचे दोन बारीक, पांढुरके. डब्याच्या तळावर पहिल्या दाण्यांचा टणटण आवाज झाला, मग दाण्यांवर दाणे पडायला लागल्यावर तो बंद झाला. भायखळ्याला एका शेंगेतून आळी निघाली. शेजारची एवढ्या जोरात किंचाळली की दारातल्या बायका वळून बघायला लागल्या, आणि आम्ही सगळ्या हसत सुटलो. तीन महिन्यांत मी पहिल्यांदा हसले होते. करी रोड कधी गेलं कळलं नाही. परळला उतरून चालत घरी आले. हात धुतले तरी अंगठ्याच्या नखात हिरवं राहिलं होतं. रात्री मुलाला थोपटताना ते दिसत होतं, आणि मला बरं वाटत होतं.

तिनं त्या संध्याकाळी मला एकाही शब्दानं धीर दिला नाही. तिचं एक काम अडलं होतं, ते तिनं माझ्याकडे दिलं. जिच्याकडे कुणी काम देतं ती बाई अजून हिशेबात असते. मला वाटतं, तुझ्या त्या भिशीवालीनंही नेमकं हेच केलंय.

आता बँकेचं सांगते, कारण खरं ते तिथे झालं.

नवऱ्याबरोबरच्या जॉइंट खात्यात माझं काही उरलं नव्हतं. स्वतःचं खातं उघडायचं ठरवलं. त्या काळी नवीन खात्याला जुन्या खातेदाराची ओळख लागायची. त्याच्या सहीशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे. कळव्याचीच आली, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. क्लार्क वयस्कर गृहस्थ होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. नामनिर्देशनाचा रकाना आला. मी मुलाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, ‘मुलगा अज्ञान आहे. तुमचं काही बरंवाईट झालं तर त्याच्या वतीनं पैसे घ्यायला सज्ञान माणूस लागेल. मिस्टरांचं नाव घालू?’

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आई सही करत नव्हती, अंगठा उठवायची. भावाचं नाव घालायचं तर वहिनीच्या कपाळावर आधीच आठ्या होत्या. पेन कागदाच्या वर तसंच थांबलेलं. मागे रांग. आणि शेजारून कळव्याची म्हणाली, ‘माझं नाव लिहा.’

‘नातं?’

‘मैत्रीण.’

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निळ्या बॉलपेननं तिचं नाव लिहिलं. नावापुढे कंसात ‘मैत्रीण’ असंही लिहिलं. त्यांचं अक्षर फार सुरेख होतं, मोत्यासारखं. मी मेले तर माझ्या मुलाच्या पैशांची जबाबदारी या बाईनं अंगावर घेतली होती, आणि ते आता कागदावर आलं होतं. बाहेर येऊन आम्ही इराण्याकडे चहा घेतला. तिच्यासमोर मी तेव्हा पहिल्यांदा रडले. तिनं रडू दिलं आणि दुसरा चहा मागवला.

घरी आईला सांगितलं. म्हटलं, मला फार ओशाळल्यासारखं होतंय, तिचं एवढं कसं घेऊ. माझी आई खानावळवाली. लालबागला एकेकाळी तिच्याकडे गिरणीतले चौदा गडी जेवायचे, तिन्ही पाळ्यांचे. लिहिता येत नव्हतं म्हणून प्रत्येकाचे खाडे ती भिंतीवर कोळशानं रेघा ओढून ठेवायची, आणि महिनाअखेरीला एका पैशाची चूक नसायची. अशा बायकांना बँक दारात उभी करत नसे. गहाण टाकायला काही नाही, सही येत नाही. किराणा उधारीवर, आणि अडलं की सावकार. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांचे गट झाले, गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्या हातात पडलं. आई त्यातलीच एक. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गडी कोकणात, घाटावर आपापल्या गावी निघून गेले, आणि चौदांचे तीन उरले. त्या दिवसांतही ज्या बाईसाठी आईनं अंगठा उठवला होता तिच्या घरून पिठाचा डबा यायचा, आणि आमच्याकडून तिच्याकडे आमटी जायची.

तर आई मला म्हणाली, ‘जामीन घेणारीला कसला गं कमीपणा? पाळी बदलते. आज तिची रातपाळी, उद्या तुझी.’

आणि बदलली. २००३ मध्ये कळव्याचीचे मिस्टर अचानक गेले. तेव्हा सगळ्या कचेऱ्यांमध्ये तिच्याबरोबर मी फिरले. तिच्या कागदांवर साक्षीदार म्हणून माझ्या सह्या आहेत.

तू कमी पडलीस म्हणतेस. १७ वर्षं रोज ‘तुला काय कळतंय’ ऐकलं की माणूस ते स्वतःच्या आवाजात बोलायला लागतो. पहाटे तीनला तुझ्या कानात बोलतो तो आवाज कुणाचा आहे, एकदा नीट ऐकून बघ. तू कंपनीचे हिशेब बघतेस, ऑडिटला सामोरी जातेस. एका पगारात भाडं, डिपॉझिट, मुलीची शाळा, सगळं चार महिने चालवलंयस. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते. तूही वहीत लिहून ठेव, तारखेसह. वाईट दिवशी आठवणीवर विसंबता येत नाही. मी तेव्हा लिहायचे: ‘आज स्टोव्हची वात बदलली.’ ‘आज शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून एकटीनं सही केली.’ ती वही अजून आहे.

आता उगवत्या सूर्यवाली. चीड येते त्यात तुझा दोष नाही. खंबीर आहेस असं कुणी रोज सांगितलं की खचलेलं असणं लपवायची आणखी एक जबाबदारी अंगावर येते. पण ती बाईही वाईट नाही गं. तिला काहीतरी करायचंय, काय करू ते कळत नाही, म्हणून रोज सकाळी फोटो पाठवते. तिला काम दे. नेमकं, छोटं, दिवस-वेळ ठरलेलं. ‘शनिवारी अकराला आधारचा पत्ता बदलायला जायचंय, येतेस? रांगेत एकटीला नको वाटतं.’ बघ, ती धावत येईल. ‘काही लागलं तर सांग’ याला आपण ‘हो’ म्हणतो आणि कधीच काही सांगत नाही. माणसं दोन्हीकडून तशीच ताटकळत राहतात. सगळ्यांकडून सगळं मागायचंही नसतं. एक रडायला बरी असते, एक कचेरीत बरोबर न्यायला, आणि एकीशी नुसतं साडीच्या सेलबद्दल बोलायचं असतं. या तिसरीची गरज मला सगळ्यांत जास्त लागली होती.

एक मात्र तुला आधीच सांगून ठेवते. सगळ्या राहणार नाहीत. माझ्या सात जणींतल्या दोघी बाजूला झाल्या. एकीच्या नवऱ्यानं ‘असल्या बाईबरोबर बसू नकोस’ असं सांगितलं होतं. ती दुसऱ्या सीटवर बसायला लागली आणि उतरताना माझ्याकडे बघायची नाही. मला ते फार वर्षं लागून राहिलं. पाच राहिल्या, हे मोजायला मला उशीर झाला. तू तो उशीर करू नकोस.

कागदोपत्री गोष्टीही सांगायलाच हव्यात. वेगळं व्हायचं की नाही हे तू अजून लिहिलेलं नाहीस, आणि आज ठरवायलाच हवं असंही नाही. परस्परसंमतीनं घटस्फोटाचा अर्ज करायचा तरी आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पण माहिती आत्ताच घे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात सततचा अपमान आणि आर्थिक कोंडी यांचाही समावेश आहे. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी सामायिक घरात राहण्याचा बाईचा हक्क त्यात मानलेला आहे. तेव्हा ‘मारहाण नव्हती’ म्हणून आपलं काही म्हणणंच नाही असं धरून चालू नकोस. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात बायका-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. अशा कक्षांमध्ये तक्रार न नोंदवताही नुसतं बोलता येतं. घराचे हप्ते तुझ्या पगारातून गेल्याची बँकेची स्टेटमेंट्स काढून ठेव. तुझे दागिने कुठे, कोणते, याची यादी कर. स्त्रीधन तुझंच आहे. ही यादी करायला त्या पाचांतली कुणी शेजारी बसली तर बरं. एकेका दागिन्याबरोबर एकेक आठवण येते, तेव्हा कुणीतरी जवळ असावं.

आणि झोप. चार महिने पहाटे तीनला जाग येते, हे अंगावर काढू नकोस. नेहमीच्या डॉक्टरांना सांग. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पहाटे तीनलाही कुणीतरी उचलतं. जगावंसंच वाटत नाही असा विचार एकदा जरी आला तरी त्याच दिवशी फोन कर, आणि भावाला किंवा मैत्रिणीला सांग.

राहिली संक्रांत. जा. कशीही जा, पण जा.

१९९५ च्या संक्रांतीला मी डब्यातल्या हळदीकुंकवाला गेले होते. कुंकवाचा करंडा घेऊन एक बाई सगळ्यांपुढून येत होती. माझ्यापाशी तिचं बोट थबकलं. डोळ्यांत प्रश्न. तिला माझा अपमान करायचा नव्हता, खरंच नव्हता. तिला कळेना की हिला लावायचं की नाही. मी कपाळ पुढे केलं. एवढंच. तिनं लावलं आणि पुढे गेली. तुला लावून घ्यावंसं वाटलं तर कपाळ पुढे कर. नसेल वाटत, तर हात जोडून तिळगूळ घे. कपाळ तुझं आहे. आता पुष्कळ ठिकाणी नुसता तिळगूळ समारंभच करतात, विधवा, घटस्फोटित, बिनलग्नाच्या, सगळ्या येतात. तुमच्या डब्यात तसं नसेल तर पुढच्या वर्षी तू सुरू कर.

जाताना पाकिटात आठ हजार घाल. एकदम जमत नसतील तर दोन घाल आणि बाकीचे कधी देशील तो महिना सांग. ती नको नको म्हणेल. तरी दे. जामीन राहिली ती, तिला दान देणारी करून ठेवू नकोस. पुढचा हप्ता तुझा तू भर. सांगायला मोठं भाषण नको. ‘मी खोटं बोलले. घर सोडलंय. सांगायची लाज वाटली.’ एवढ्या तीन वाक्यांत होतं. मुलुंडला तुझी गाडी आठ बावीसला, म्हणजे भांडुपला चार-पाच मिनिटांनी. आधी मेसेज टाक, कुणीतरी दारात उभी राहील.

फेब्रुवारीत मला पत्र लिही. भिशी कुणाला लागली तेही कळव.

•

ताई,

माझं वय ३१, गिरगावात राहते. कॉलेजपासूनच्या माझ्या मैत्रिणीचा घटस्फोट चालू आहे. काय बोलू ते सुचत नाही, चुकीचं काही बोलले तर तिला लागेल, या भीतीनं मी हल्ली तिचे फोनही टाळते. ती फार छान शिवते, माझे सगळे ब्लाउज तीच शिवायची, आता ते सांगायलाही संकोच वाटतो. तिला आधार कसा द्यावा?

— गिरगाव

•

वरचं उत्तर वाच, अर्धं तुझ्यासाठीच आहे.

फोन टाळू नकोस. तुझा संकोच तिच्यापर्यंत संकोच म्हणून पोचत नाही. आपल्यात काहीतरी वाईट आहे म्हणून ही दूर गेली, असंच तिला वाटत असणार. पुढच्या फोनवर सरळ सांग, ‘काय बोलू कळत नव्हतं म्हणून उचलला नाही, चुकलंच.’ मग गप्प बस आणि ऐक. तिच्या नवऱ्याला शिव्या घालू नकोस, तिनं घातल्या तरी. उद्या दोघांचं जुळलं तर तुझ्या शिव्या तिला आठवतील. कोर्टाची तारीख कधी आहे विचार, आणि त्या दिवशी रजा टाकून बरोबर जा. तिथे फार वेळ बाकावर बसावं लागतं. डबा न्या, पाण्याच्या बाटल्या न्या.

आणि ब्लाउजपीस घेऊन जा रविवारी तिच्याकडे. शिलाई पूर्ण दे. माप नव्यानं घ्यायला लाव.